सूक्ष्मप्रवाह तंत्र व वैद्यकीय त्रिमितीय मुद्रण

सूक्ष्मप्रवाह तंत्र व वैद्यकीय त्रिमितीय मुद्रण : काही मायक्रोमीटरांपासून सु. अर्ध्या मिमी.पर्यंत रुंदीच्या मार्गिकांमधून द्रवाचे अत्यल्प प्रवाह वाहविणे, मिसळणे व विलग करणे या विद्येस सूक्ष्मप्रवाह तंत्र म्हणतात. संगणकावर आखलेल्या आकृतीनुसार पदार्थाचे थरावर थर चढवून वस्तू घडविण्याच्या पद्धतीस थर-निर्मिती किंवा त्रिमितीय मुद्रण असे नाव आहे. ही दोन तंत्रे निरनिराळ्या प्रयोजनांसाठी जन्मास आली. वैद्यकात मात्र त्यांचा संबंध दुहेरी आहे : मुद्रणाने सूक्ष्ममार्गिका असलेली तपासणी-साधने घडविता येतात आणि सूक्ष्ममार्गिका बसविलेल्या मुद्रणशीर्षाने सजीव कोशिकायुक्त ऊतक (समान कार्य करणाऱ्या कोशिकांचा समूह) रचता येते.

महाराष्ट्रात या विषयाला केवळ यंत्रविद्येपुरते महत्त्व नाही. राज्याच्या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या आढळणारा दात्रकोशिका पांडुरोग (सिकल सेल) हा मुळातच अरुंद नलिकांमधील प्रवाहाचा रोग आहे. त्यामुळे या तंत्रांच्या इतिहासाचा बराच भाग या एका रोगाच्या आधारे सांगता येतो, आणि प्रयोगशाळेतील शोध व खेड्यातील तपासणी यांमधील अंतरही तेथेच स्पष्ट दिसते.

रोगाची पार्श्वभूमी : गोंदिया शहराजवळचे नागरा हे गाव जुन्या शिवमंदिरामुळे परिचित आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. भातशेतीचा व तलावांचा हा प्रदेश नागपूरपासून सु. १३० किमी. पूर्वेस असून भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या शेजारच्या जिल्ह्यांप्रमाणेच तो दात्रकोशिका पांडुरोगाच्या पट्ट्यात मोडतो. रक्तारुणाच्या (हीमोग्लोबिनच्या) बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन हे ॲमिनो अम्ल आले की, ऑक्सिजन सोडून दिल्यावर त्याचे रेणू एकमेकांस चिकटून त्यांचे लांब ताठर तंतू बनतात. एरवी लवचिक असलेली तांबडी कोशिका त्यामुळे विळ्याच्या आकाराची व कडक होते. हा दोष आई व वडील या दोघांकडून आला तरच रोग होतो. एकाकडूनच आला, तर ती व्यक्ती वाहक असते व बहुधा निरोगीच राहते. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता शेकडा २५ असते. म्हणून रुग्ण ओळखण्याइतकेच, विवाहापूर्वी वाहक ओळखण्यालाही महत्त्व आहे.

या रोगाचे वर्णन प्रथम १९१० मध्ये शिकागो येथे जेम्स हेरिक यांनी केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत् संचारणाच्या साहाय्याने रुग्णांचे रक्तारुण निरोगी माणसाच्या रक्तारुणापेक्षा विद्युत् क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते, असे दाखविले. एखाद्या रोगाचे कारण एका रेणूत आहे, असे सिद्ध झाल्याचे हे पहिलेच उदाहरण होय. सहाव्या स्थानावरील नेमका बदल व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधून काढला. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत व आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत हा दोष आढळला. नागपूर येथील रा. ना. शुक्ल व सोलंकी यांनी मध्य भारतातील वाहकांविषयीचे आपले निरीक्षण १९५८ मध्ये प्रसिद्ध केले व विदर्भाचे नाव या रोगाच्या नकाशावर आले. पुढे पुण्याचे सुदाम काटे यांनी राज्यातील आदिवासी जमातींची दीर्घकाळ पाहणी केली. भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांसारख्या जमातींत वाहकांचे प्रमाण शेकडा २० ते ३५ पर्यंत आढळले. हा रोग केवळ आदिवासींचा आहे, हा समज मात्र चुकीचा आहे. विदर्भात अनुसूचित जातींत व इतर मागासवर्गीय समाजांतही तो मोठ्या प्रमाणात आढळतो.

अरुंद नलिकेतील प्रवाह : तांबड्या कोशिकेचा व्यास सु. ७ ते ८ मायक्रोमीटर असतो, तर केशवाहिनीचा ५ ते १० मायक्रोमीटर. म्हणजे पुष्कळ ठिकाणी कोशिका आपला आकार मुडपूनच पुढे सरकते. कडक झालेल्या कोशिकेला हे जमत नाही. ती अडकते, तिच्यामागे इतर अडकतात, पुढील भागाचा ऑक्सिजन तुटतो आणि ऑक्सिजन तुटल्याने आणखी कोशिका विळ्यासारख्या होतात. सांधे, छाती, पाठ यांतील असह्य वेदनांचे झटके या तुंबण्यातून येतात. प्लीहा निकामी होणे, लहान मुलांतील अर्धांगवायू, मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा थांबून तो ढासळणे, हे पुढील उपद्रवही त्यातलेच.

नलिकेतील प्रवाहाचा मूलभूत नियम एका वैद्याने, रक्ताचाच विचार करताना शोधला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फ्रेंच वैद्य झां पॉइझय यांनी १८४० च्या दशकात काचेच्या अतिबारीक नळ्यांवर केलेल्या मापनांतून असे दाखविले की, दाब व लांबी तीच असता प्रवाहाचे प्रमाण त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात बदलते. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. अरुंद मार्गिकांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्यांत भोवरे उठत नाहीत. दोन प्रवाह शेजारी सोडले, तर ते न घुसळता समांतर वाहतात आणि केवळ विसरणाने (रेणूंच्या स्वैर हालचालीने) हळूहळू मिसळतात. हे विसरण लहान अंतरावर जलद, तर मोठ्या अंतरावर फारच मंद असते. पाण्यातील लहान रेणूला ०·१ मिमी. अंतर जाण्यास सु. ५ सेकंद लागतात. शंभरपट, म्हणजे १ सेंमी. अंतरास मात्र दहा हजारपट, सु. १४ तास लागतात. सूक्ष्मप्रवाह साधनातील जलद चाचणी आणि मुद्रित ऊतकाची सर्वांत मोठी अडचण या दोन्हींचे मूळ या एकाच हिशेबात आहे.

तंत्राचा विकास : संकलित मंडलांसाठी सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाच्या साहाय्याने नक्षी कोरण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रगत झाली. १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात टेरी, जर्मन व एंजेल यांनी अशा चकतीवर वायुवर्णलेखनाचे संपूर्ण साधन बसविले. नमुना घेणे, विलग करणे व मोजणे ही सर्व कामे एकाच पट्टीवर व्हावीत, ही कल्पना १९९० मध्ये आंड्रेआस मान्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तथापि सिलिकॉन व काच कोरण्यास धूलिमुक्त दालन व मोठा खर्च लागे. १९९८ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्‌झ यांच्या प्रयोगशाळेने रबरासारखे पारदर्शक सिलिकोन साच्यावर ओतून मार्गिका घडविण्याची सोपी रीत रूढ केली. या पदार्थातून ऑक्सिजन सहज आरपार जातो, या गुणाचा पुढे दात्रकोशिकांच्या अभ्यासास विशेष उपयोग झाला. याच प्रयोगशाळेने २००७ मध्ये कागदावर जलरोधी रेषा उमटवून त्यांमधून केशाकर्षणाने द्रव वाहविणारी अतिस्वस्त साधने दाखविली.

त्याच वर्षी जॉन हिगिन्स, डेव्हिड एडिंग्टन, संगीता भाटिया व एल्. महादेवन यांनी दात्रकोशिकांचे तुंबणे शरीराबाहेर घडवून आणले. केशवाहिन्यांइतक्या अरुंद कृत्रिम मार्गिकांतून रुग्णांचे रक्त वाहवीत त्यांनी बाजूच्या कप्प्यातील ऑक्सिजनाचे प्रमाण कमी-अधिक केले. ऑक्सिजन कमी होताच प्रवाह थांबे व पुन्हा वाढविताच तो सुरू होई. दाब, मार्गिकेची रुंदी व ऑक्सिजन यांच्या कोणत्या मेळाने रक्त तुंबते, हे यामुळे मोजता आले. तोपर्यंत वैद्याला रुग्णाची वेदना दिसे व सूक्ष्मदर्शकाखाली वाकडी कोशिका दिसे. त्या दोहोंमधला दुवा डोळ्यांसमोर नव्हता. या रोगाच्या संशोधनात या प्रयोगाचे स्थान वरचे मानावे लागेल.

थरांनी वस्तू घडविण्याचा इतिहास याच्याशी समांतर चालला. जपानमध्ये नागोया येथील हिदेओ कोदामा यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेचे थर रचण्याची पद्धत १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचा पेटंटचा अर्ज मात्र पुढील कार्यवाहीअभावी बारगळला. अमेरिकेत चार्ल्स हल यांना अशाच पद्धतीचे पेटंट १९८६ मध्ये मिळाले. १९८९ मध्ये स्कॉट क्रंप यांनी वितळलेल्या प्लॅस्टिकचा धागा थरांनी अंथरण्याची पद्धत पुढे आणली. सोऱ्यातून शेव पाडावी तशी ही रीत असून शाळा-महाविद्यालयांतील बहुतेक स्वस्त यंत्रे तिच्यावरच चालतात.

दोन्ही तंत्रांची गाठ त्यांची आजची नावे रूढ होण्यापूर्वीच पडली होती. शाईचे थेंब उडविणारे मुद्रणशीर्ष हे स्वतःच एक सूक्ष्मप्रवाह साधन आहे. १९८८ मध्ये टेक्सस येथील रॉबर्ट क्लेब यांनी शाईच्या जागी कोशिकांना चिकटण्यास आधार देणारे प्रथिन भरून कार्यालयातील साध्या मुद्रकाने त्याची नक्षी उमटविली व कोशिका त्या नक्षीवर बसविल्या. २००३ मध्ये क्लेमसन विद्यापीठातील टॉमस बोलंड यांनी जिवंत कोशिकाच मुद्रकातून सोडल्या.

सूक्ष्ममार्गिकांचे मुद्रणशीर्ष : जिवंत कोशिका मुद्रित करताना दोन विरोधी गरजा सांभाळाव्या लागतात. द्रव पातळ असेल, तर तो पसरतो व आकार टिकत नाही. दाट असेल, तर बारीक तोंडातून दाबाने निघताना कोशिका घर्षणाने मरतात. सूक्ष्मप्रवाह तंत्राने यातून जी वाट काढली ती सोपी, पण मार्मिक आहे. तपकिरी समुद्रशैवलापासून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटाचा पातळ विद्राव कॅल्शियम क्लोराइडाच्या संपर्कात येताच जेलीसारखा घट्ट होतो. एका नळीच्या आत दुसरी अशा एकमध्य नळ्यांतून हे दोन प्रवाह सोडले की, भोवरे नसल्याने ते वेगळेच राहतात आणि केवळ त्यांच्या सीमेवर जेली बनते. आत कोशिकायुक्त अल्जिनेट व बाहेर कॅल्शियम असेल, तर भरीव धागा मिळतो; क्रम उलटा केला, तर पोकळ नळी मिळते, म्हणजे रक्तवाहिनीचा कच्चा आराखडाच. शीर्षातील झडपा उघडमीट करून एकाच धाग्यात निरनिराळ्या कोशिका पाळीपाळीने भरता येतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधनातून २०१३ मध्ये निघालेल्या ॲस्पेक्ट बायोसिस्टिम्स या संस्थेने अशी शीर्षे विकसित केली. २०१६ मध्ये अली खादेमहोसैनी यांच्या सहकाऱ्यांनी पातळ जैविक शाईने विविध कोशिकांची ऊतके रचण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले.

रक्तवाहिनीविना ऊतकाची जाडी वाढविता येत नाही. रक्तवाहिनीपासून ०·१ ते ०·२ मिमी. पलीकडील कोशिकेला ऑक्सिजन पुरत नाही. वर दिलेला विसरणाचा हिशेब येथे आडवा येतो. २०१२ मध्ये जॉर्डन मिलर, क्रिस्तोफर चेन व सहकाऱ्यांनी साखरेच्या काड्यांची जाळी मुद्रित करून तिच्याभोवती कोशिकायुक्त जेली ओतली. नंतर साखर विरघळवून टाकताच मार्गिकांचे जाळे शिल्लक राहिले. २०१४ मध्ये जेनिफर लुइस यांच्या हार्व्हर्डमधील प्रयोगशाळेने नंतर वितळवून काढता येणारी शाई वापरून असेच जाळे केले. २०१९ मध्ये मिलर यांच्या राइस विद्यापीठातील गटाने प्रकाशाने घट्ट होणाऱ्या जेलीत टारट्राझीन हा मिठाई व सरबतांत वापरला जाणारा पिवळा खाद्यरंग मिसळला. प्रकाश त्यामुळे ठराविक थराखाली उतरेनासा झाला व एकमेकींत गुंतलेल्या बारीक वाहिन्या घडविता आल्या. फुप्फुसाच्या वायुकोशासारख्या त्या प्रतिकृतीत वाहणाऱ्या तांबड्या कोशिका ऑक्सिजन घेताना दिसल्या. वृत्तपत्रांतून अशा बातम्या ‘अवयव छापला’ या मथळ्याने येतात, ते दिशाभूल करणारे आहे. आरोपणास योग्य असे संपूर्ण मूत्रपिंड वा यकृत अद्याप कोठेही मुद्रित झालेले नाही. औषधांची परीक्षा घेण्यासाठी लहान ऊतक-प्रतिकृती मात्र उपयोगी ठरल्या आहेत. डॉनल्ड इंग्बर व डॅन ह्यु यांनी २०१० मध्ये पट्टीवर घडविलेली फुप्फुसाची प्रतिकृती हा त्यांतील महत्त्वाचा टप्पा होय. भारतात मार्च २०२३ मध्ये नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांविषयीच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांवरील प्रयोगांबरोबरच अशा पट्ट्या व मुद्रित ऊतके यांवरील चाचण्यांना मान्यता मिळाली.

महाराष्ट्रातील कार्य : मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आयआयटी) देबजानी पॉल यांच्या प्रयोगशाळेत रक्ततपासणीची अल्पखर्ची सूक्ष्मप्रवाह साधने व दात्रकोशिकांची चाचणी यांवर काम झाले. अशा साधनांची नेहमीची अडचण म्हणजे पातळ न केलेले रक्त अरुंद मार्गिकेत लवकरच अडकते. रोगात जे घडते तेच साधनातही घडते. निनाद मेहेंदळे, पॉल व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये वर्णन केलेल्या रचनेत मध्यबिंदूपासून चोहोबाजूंना पसरणाऱ्या सूक्ष्म खांबांच्या रांगा आहेत. एक वाट अडली, तरी प्रवाहाला दुसऱ्या वाटा मोकळ्या राहत असल्याने रक्त न तुंबता वाहते. याच संस्थेत २०१४ मध्ये बी. रवी यांच्या नेतृत्वाखाली राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने जैववैद्यकीय अभियांत्रिकी केंद्र (बेटिक) सुरू झाले व नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याच्या शाखा निघाल्या. वैद्य व अभियंते यांनी एकत्र बसून साधन आखावे, त्याचा नमुना त्रिमितीय मुद्रणाने तत्काळ घडवावा व रुग्णालयात तपासून पुन्हा सुधारावा, अशी तेथील रीत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अमोल कुलकर्णी यांनी सूक्ष्म-विक्रियापात्रांतून रसायनांच्या अखंड उत्पादनावर केलेले कार्य याच प्रवाहविद्येची औद्योगिक बाजू होय. त्यांना २०२० चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले.

नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दीप्ती जैन व मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्थेतील रोशन कोलाह यांच्या सहकार्याने नवजात बालकांची तपासणी झाली. मध्य भारतातील हा रोग सौम्य असतो, या समजुतीला त्या अभ्यासाने धक्का दिला. बऱ्याच बालकांत तो तीव्र आढळला. हायड्रॉक्सियूरिया या औषधाची अल्प मात्राही वेदनांचे झटके कमी करते, असे जैन यांनी २०१२ च्या सुमारास दाखविले. लवकर निदान झाले तर उपचार हाताशी आहे, असा याचा अर्थ होतो, आणि तपासणीच्या साधनाला त्यामुळेच वजन प्राप्त होते.

खेड्यापर्यंत पोहोचलेले तंत्र : गावपातळीवर दीर्घकाळ वापरात असलेली चाचणी विद्राव्यतेची आहे. रक्ताच्या थेंबात डायथायोनाइट मिसळल्यास दोषी रक्तारुण विरघळत नाही व नळीतील द्राव गढूळ होतो. ही चाचणी स्वस्त असली, तरी ती वाहक व रुग्ण यांत भेद करीत नाही आणि नवजात बालकात गर्भीय रक्तारुण अधिक असल्याने ती फसवी ठरते. त्यामुळे नमुना विद्युत् संचारण वा द्रव-वर्णलेखन यांसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावा लागतो. नागरा शहराला लागून आहे व गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. परंतु याच जिल्ह्यातील जंगलभागातील कुटुंबाला दुसऱ्या फेरीसाठी एका दिवसाची मजुरी सोडावी लागते. दोन तपासण्यांमधील या खंडातच पुष्कळ निदाने अर्धवट राहतात.

हा खंड मिटविण्याचे प्रयत्न सूक्ष्मप्रवाह तंत्राने केले. सर्गेय शेव्हकोप्ल्यास व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये विद्राव्यतेची चाचणीच कागदावर आणली. न विरघळलेले रक्तारुण कागदाच्या छिद्रांत अडकून मध्यभागी गडद डाग उमटतो व डागाच्या ठेवणीवरून वाहक आणि रुग्ण वेगळे ओळखता येतात. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या उमुत गुरकान यांनी पॉलिंग यांचे विद्युत् संचारण तळहाताएवढ्या पट्टीत बसविले. येथे त्रिमितीय मुद्रणाची मर्यादाही दिसून येते. साध्या मुद्रकांच्या मार्गिका शेकडो मायक्रोमीटर रुंद होतात. ब्रिगम यंग विद्यापीठाने २०१७ मध्ये खास मुद्रक व राळ वापरून १८ × २० मायक्रोमीटर छेदाची मार्गिका मुद्रित केली, तरीही ती केशवाहिनीहून रुंदच होती. शिवाय एकेक नमुना घडविण्यास मुद्रण उत्तम असले, तरी लाखोंच्या संख्येने पट्ट्या काढावयाच्या, तर प्लॅस्टिक साच्यात दाबून भरण्याची जुनी पद्धतच स्वस्त पडते. मुद्रणाचा खरा लाभ आखणीच्या काळात व प्रत्येक रुग्णासाठी वेगळ्या घडवाव्या लागणाऱ्या वस्तूंत आहे, उदा., ढासळलेल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी त्याच रुग्णाच्या हाडाची प्रतिकृती.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत रोगाचे निर्मूलन ही उद्दिष्टे ठरविण्यात आली. विद्राव्यता चाचणीबरोबर जागच्या जागी निदान करणाऱ्या पट्ट्यांनाही त्यात स्थान मिळाले. त्यांतील काही पट्ट्या विद्युत् संचारणाच्या आहेत. इतरांत बोटातून काढलेला रक्ताचा थेंब कागदाच्या छिद्रांतून केशाकर्षणाने आपोआप वर चढतो व प्रतिपिंडांच्या रेषांवर निरोगी आणि दोषी रक्तारुण वेगवेगळे प्रकट होते. त्यांस पंप लागत नाही, वीज लागत नाही व मुद्रकही लागत नाही. नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेल्या थेंबावरही त्या चालतात.